कर्ज फिटल्याचे पेढे

हे सगळं सुरू झालं ते २०२१ सालच्या मार्चमध्ये. घरखरेदीवरच्या मुद्रांक शुल्कात सरकारने दिलेली सवलत त्या महिन्याच्या अखेरीस संपणार होती, बँका कधी नव्हे इतक्या कमी व्याजाने कर्ज देत होत्या, आणि निम्मं वसई-विरार तोंडाला मास्क बांधून नोंदणी कार्यालयाबाहेर उभं होतं. सुमेध त्या गर्दीतून थेट आईकडे आला, तो हातात पेढ्यांचा पुडा घेऊनच.

जयवंतीबाईंनी पुडा देवापुढे ठेवला आणि विचारलं, "कशाचे रे?"

"लोन सँक्शन झालं, आई. नालासोपाऱ्याला, तुळिंजमध्ये फ्लॅट घेतोय."

"म्हणजे कर्ज मिळालं म्हणून पेढे?"

"मग? सगळ्यांना मिळतं असं वाटतं का तुला?"

जयवंतीबाई गप्प बसल्या. पेढा चांगला होता, त्यामुळे गप्प बसणं फारसं जड गेलं नाही. पण त्यांच्या समजुतीप्रमाणे पेढ्यांची वेळ चुकली होती.

त्यांनी स्वतः पेढे वाटले होते ते २००९ साली, कर्ज फिटल्यावर. एव्हरशाईन सिटीत 'शुभांगण' सोसायटीतलं हे तिसऱ्या मजल्यावरचं घर त्यांनी आणि नवऱ्याने, जयवंतरावांनी, शहाण्णव साली घेतलं. तेव्हा वसई पूर्वेला इमारती कमी आणि मोकळं रान जास्त होतं. मिठागरांवरून येणारा वारा वाळत घातलेल्या साड्या खारट करून जाई. पाणी टँकरने येई. टँकर आला की साऱ्या बायका कळश्या घेऊन खाली धावत, त्यांत शाळेच्या जयवंतीबाईही असत, आणि पदर खोचलेल्या आपल्या बाईंना बघून विद्यार्थी आदराने दुसरीकडे बघत. पुढे सूर्या धरणाचं पाणी नळाला आलं आणि तो आदरही कमी झाला.

कर्ज निम्मं जयवंतरावांच्या ऑफिसच्या पतपेढीचं आणि निम्मं शिक्षकांच्या पतपेढीचं होतं. हप्ता पगारातून आधीच कापला जाई, त्यामुळे तो पैसा आपला होता असं दोघांना कधी वाटलंच नाही. तेवढ्या वर्षांत त्यांनी जुना फ्रिज बदलला नाही, कोकणात गावी गेले ते दर वर्षाआड, आणि जयवंतरावांनी स्वतःच्या लग्नातला कोट आणखी तीन लग्नांत वापरला. शेवटचा हप्ता कापला गेला त्या दिवशी जयवंतीबाईंनी स्टेशनजवळच्या दुकानातून पेढे आणले आणि इमारतीचे चारही मजले दारोदार फिरल्या. प्रत्येक दारात पुडा पुढे करायच्या, "कर्ज फिटलं हो आमचं" असं सांगायच्या आणि वर हसत विचारायच्या, "तुमचे कधी?"

तळमजल्यावर जयराम राहायचे. वीज मंडळात नोकरी, दोन मुली, घरावर कर्ज, आणि मोठीच्या लग्नासाठी त्याच घरावर काढलेलं आणखी कर्ज. त्यांनी पेढा घेतला, हसले, पण हातात पेढा धरून दारात जरा जास्तच वेळ उभे राहिले. जयवंतीबाईंना ते तेव्हा दिसलं होतं. त्यांना ते आवडलंही होतं.

एकूण, शुभांगणमध्ये जयवंतीबाईंचा मान होता तो त्या पेढ्यांमुळे. जयवंतराव २०१६ साली गेले, त्यांच्यामागेही तो टिकला. गच्चीवरच्या टाकीच्या दुरुस्तीची वर्गणी असो की सोसायटीची मुदत ठेव, "बाईंना विचारा, त्यांच्या डोक्यावर एक पैसा कर्ज नाही" असं लोक म्हणत. आता डोक्यावर कर्ज नसणाऱ्याला टाकीतलं काय कळतं, हे कुणी विचारलं नाही.

तर सुमेध. वय सदतीस, गोरेगावच्या एका विमा कंपनीत नोकरी, बायको सुरुची, मुलगी पिंकी. विरार पश्चिमेला स्वतःचं दोन बेडरूमचं घर, त्यावर वीस वर्षांचं कर्ज. इथवर सगळं चारचौघांसारखं होतं. पण साथीच्या दिवसांत घरून काम सुरू झालं आणि सुमेध मोबाइलवर भाषणं ऐकू लागला. त्या भाषणांत एक गृहस्थ सांगायचे की गरीब माणूस कर्ज फेडतो आणि श्रीमंत माणूस कर्ज वापरतो. सुमेधने आयुष्यात पहिल्यांदाच आपण कोणत्या बाजूचे याचा विचार केला.

त्याने आईला सगळी पद्धत नीट समजावून सांगितली. स्वयंपाकघरात ओट्यावर स्टीलचे तीन डबे मांडले. हा विरारचा, हा तुळिंजचा, हा पुढचा. बँक घराच्या किमतीतला मोठा भाग देते, उरलेला आपण भरायचा. तो आपल्याकडे नसतो. म्हणून तुळिंजचं घर महिन्याच्या भाड्याने न देता हेवी डिपॉझिटवर द्यायचं. म्हणजे भाडेकरूकडून एकदाच मोठी रक्कम घ्यायची, तो दोन वर्षं बिनभाड्याने राहणार, जाताना आपण त्याची रक्कम परत करायची. तोवर ती आपल्या हातात. त्या रकमेतून पुढचं घर घ्यायचं.

"आणि परत द्यायची वेळ आली की?"

"तेव्हा नवा भाडेकरू येतो ना. त्याच्याकडून घ्यायची, जुन्याला द्यायची. आपल्या खिशातून काहीच नाही."

असं म्हणत त्याने पहिल्या डब्यातले तांदूळ दुसऱ्यात आणि दुसऱ्यातले तिसऱ्यात ओतून दाखवले. जयवंतीबाईंना पद्धत फार पटली. फक्त ओट्यावर बरेच तांदूळ सांडले होते, ते त्यांनी निमूटपणे वेचले.

तुळिंजच्या घरात राहायला अल्पेश आला. त्याचं बाजारात प्लास्टिकच्या वस्तूंचं दुकान होतं, बायको-मुलं होती आणि बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याला वाटावं आपणच त्याचं काहीतरी देणं लागतो. त्याने डिपॉझिट एकरकमी दिलं आणि सुमेधला शेठ म्हणाला. सुमेधला शेठ म्हणणारा तो पहिलाच माणूस. दुसऱ्याच आठवड्यात सुमेध कळंबला कॉटेज बघायला गेला.

कळंबच्या कॉटेजचं नाव 'सी व्ह्यू' होतं. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं समुद्रावर येतात, एका रात्रीचे हजारो रुपये मोजतात, तेव्हा कर्जाचा हप्ता पाहुण्यांनीच भरायचा, असा बेत होता. तिथल्या घरावर बँक कर्ज देईना, म्हणून सुमेधने अल्पेशचं डिपॉझिट घातलं आणि उरलेल्यासाठी नोकरीवर वैयक्तिक कर्ज काढलं, त्याचं व्याज घराच्या कर्जाच्या दुप्पट. गाद्या, एसी आणि झोपाळा घ्यायला तरीही पैसे कमी पडले. तेव्हा त्याने विरारचं राहतं घरही एका जोडप्याला हेवी डिपॉझिटवर दिलं आणि सुरुची-पिंकीला घेऊन एव्हरशाईन सिटीत आईकडे आला. दोन महिन्यांसाठी.

त्या एका बेडरूमच्या घरात चार माणसं मावली, कारण मावायलाच हवी होती. सुमेध हॉलमध्ये झोपू लागला. इमारतीतल्या बायका विचारत, तेव्हा जयवंतीबाई सांगत की सुमेधच्या आता तीन जागा आहेत, विरार, तुळिंज आणि कळंब.

"मग राहतात कुठे?"

"इथेच. मला सोबत म्हणून."

हे सांगताना त्यांना खरोखरच अभिमान वाटे. दोघांनी मिळून तेरा वर्षांत एक घर केलं, आणि लेकाने दीड वर्षात एकाची तीन केली. जयवंतराव असायला हवे होते, असं त्यांच्या मनात येई.

कॉटेज दाखवायला सुमेध आईला घेऊन गेला, तेव्हा बरोबर प्रिस्काही होती. प्रिस्का गिरीजची. जयवंतीबाईंच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाली होती, आता वाडीतल्या केळी आणि कोंबड्या सांभाळत होती. तिचाच भाचा क्लेटन कॉटेजची देखरेख करायचा, पाहुण्यांना चावी द्यायचा, चादरी बदलायचा. प्रिस्काने झोपाळ्यावर बसून पाहिलं, गादी दाबून पाहिली, मग मागचं दार उघडलं. समुद्र दिसत नव्हता, पण ऐकू येत होता. समुद्राच्या आणि दाराच्या मध्ये बांबूंवर बोंबील सुकत घातले होते, पार पलीकडच्या ताडांपर्यंत.

"क्लेटन सांगतो, पाहुणे एकदा येतात आणि पुन्हा येत नाहीत," प्रिस्का म्हणाली. "सोमवार ते शुक्रवार तर बोंबीलच राहायला असतात, गे जयवंती. आणि ते भाडं देत नाहीत."

सुमेध म्हणाला की वास काय, पावसाळ्यात जातो. प्रिस्का म्हणाली, वास जातो हे खरं, पण पावसाळ्यात पाहुणेही जातात.

२०२२ सालच्या उन्हाळ्यात व्याजाचे दर वाढायला लागले. बँकेचा मेसेज आला की सुमेध आधी खालचा हप्त्याचा आकडा वाचायचा, मग वरचं. पण तो घाबरला नाही, कारण हप्ता वाढला नव्हता.

"हप्ता तोच आहे, आई. फक्त वर्षं वाढली."

"कुणाची?"

"कर्जाची."

जयवंतीबाईंनी मनातल्या मनात वजाबाकी केली. या हिशेबाने तुळिंजचं कर्ज फिटेल तेव्हा सुमेध निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली असतील. त्याचे पेढे कोण खाणार, असा प्रश्न त्यांना पडला. मग आणखी दोन-तीन मेसेज आले आणि बँकेलाही तोच प्रश्न पडला असावा, कारण आता वर्षं वाढवता येत नाहीत असं सांगून तिने हप्ताही वाढवला. दोन घरांचे दोन, शिवाय वैयक्तिक कर्जाचा तिसरा. पगार एकच. तो महिन्याच्या पहिल्या तारखेला येई आणि पाच तारखेला गेलेला असे.

अशात अल्पेशची दोन वर्षं भरली. त्याला नालासोपाऱ्यातच दुसरं दुकान घ्यायचं होतं, त्यासाठी डिपॉझिट परत हवं होतं. सुमेधने पद्धतीप्रमाणे नवा भाडेकरू शोधायला एजंटला सांगितलं. पण तोवर हेवी डिपॉझिट घेऊन पळालेल्या मालकांच्या बातम्या छापून यायला लागल्या होत्या, आणि लोक शहाणे झाले होते. ज्याला त्याला साधं महिन्याचं भाडं द्यायचं होतं. सुमेधच्या भाषणांत या प्रसंगाबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. पाठोपाठ विरारच्या जोडप्यानेही नोटीस दिली, त्यांना पुण्याला बदली मिळाली होती.

अल्पेश एका रविवारी एव्हरशाईन सिटीत आला, फरसाण घेऊन. जयवंतीबाईंच्या पाया पडला. सुमेधने त्याला आणखी सहा महिने थांबायला सांगितलं. तो लगेच हो म्हणाला.

"शेठ, माझी कुठे घाई आहे? तुम्ही पैसे द्या, मी चावी देतो. तुम्ही पैसे नाय दिले, मी चावी नाय देत. यात भांडण कुठे आलं?"

"पण हप्ता मी भरतोय, अल्पेश. आणि राहतोयस तू."

"ते तर आहेच ना, शेठ. घर तुमचं आहे. तुम्हीच भरणार."

तो गेल्यावर सुमेधने फरसाणाची पिशवी तशीच बंद उचलून फ्रिजवर ठेवली. जयवंतीबाईंच्या लक्षात आलं की पोराच्या कानामागचे केस एका वर्षात पांढरे झालेत. तो जेवायचा, पण आमटीत मीठ नसलं तरी त्याला कळायचं नाही. एकदा त्यांनी मुद्दाम घातलं नाही, खात्री करून घ्यायला.

पुढच्या आठवड्यात त्याने ती गोष्ट काढली. हे घर तारण ठेवून मोठं कर्ज घ्यायचं. त्यातून दोन्ही डिपॉझिटं परत करायची, वैयक्तिक कर्ज फेडायचं, मग विरारचं घर मोकळं, तुळिंजचं मोकळं, सगळं एका हप्त्यात. घर आईच्या नावावर, म्हणून कर्जावर सही आईचीही.

"हे घर म्हणजे झोपलेलं भांडवल आहे, आई. सत्तावीस वर्षं नुसतं झोपलंय."

"मग झोपू दे की. मीही त्यातच झोपते."

तो हसला नाही. हप्ते चुकले तर काय, हे त्याने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. शाळेत एवढी वर्षं काढलेल्या बाईला ते ठाऊक होतं. हप्ते चुकले तर शुभांगणच्या तिसऱ्या मजल्यावर बँकेचं कुलूप लागेल, आणि सत्तर वर्षांची बाई कुठे जाईल याचा विचार बँक करत नाही.

सुरुची त्या वेळी भाजी निवडत होती. नंतर स्वयंपाकघरात दोघीच असताना ती हळूच म्हणाली, "आई, सही करू नका असं मी म्हणत नाही. करा असंही म्हणत नाही." आणि रडली. जयवंतीबाईंनी तिच्या हातातली मेथी काढून घेतली. सून गेलं वर्षभर एकाच कपाटाच्या एका खणात संसार करत होती आणि तिने एकदाही त्याबद्दल ब्र काढला नव्हता. जयवंतीबाईंनी त्याच क्षणी ठरवलं की सही करायची. आपल्याला असे किती दिवस राहिले आहेत.

त्यांनी बँकेच्या माणसासमोर अर्जावर सह्या केल्या. जिथे बोट ठेवेल तिथे केल्या, सुवाच्य अक्षरात. सगळं झालं, फक्त सोसायटीचं ना-हरकत पत्र राहिलं. घर तारण ठेवायला सोसायटीची हरकत नाही असं सेक्रेटरीने लिहून द्यावं लागतं. सुमेधने अर्ज टाइप करून दिला. मी नेतो म्हणाला, पण त्या म्हणाल्या, मीच जाते, माझं घर आहे.

सेक्रेटरी जयराम होते.

संध्याकाळची वेळ होती. जयराम बनियनवर बसून टीव्ही बघत होते. बाईंना पाहून त्यांनी टीव्ही बंद केला, आत जाऊन शर्ट घालून आले आणि खुर्चीवरचा पेपर उचलला. अर्ज त्यांनी चष्मा लावून वाचला. मग पुन्हा एकदा वाचला. जयवंतीबाईंना वाटलं, आता हसतील. ते हसले नाहीत, हेच वाईट झालं.

"काही अडचण नाही, बाई. नियमाप्रमाणे समितीपुढे ठेवावा लागेल. रविवारी मीटिंग आहे. अर्ज आधी चार दिवस बोर्डावर लावतो आपण, सगळ्यांचेच लावतो."

"बोर्डावर?"

"जिन्याखालच्या. आणि ग्रुपवर फोटो टाकतो."

जयराम अर्जाची घडी घालत होते, अगदी जपून, कडा जुळवून. बाईंना जरा मोकळं वाटावं म्हणून असेल किंवा नसेल, ते म्हणाले, "तुमचे पेढे काय सुंदर होते हो, बाई. इतकी वर्षं झाली, चव अजून जिभेवर आहे."

जयवंतीबाईंनी हात पुढे केला.

"द्या जरा तो अर्ज. तारीख चुकलीय. दुरुस्त करून आणते."

जयरामांनी घडी उलगडून तारीख बघितली. तारीख बरोबर होती. त्यांनी अर्ज परत दिला.

जिना चढताना जयवंतीबाई प्रत्येक मजल्यावर थांबल्या, गुडघ्यांमुळे आणि दारांमुळे. या दारात त्या पुडा घेऊन उभ्या राहिल्या होत्या. या दारात त्यांनी विचारलं होतं, तुमचे कधी. इथल्या बाईने तेव्हा पेढा नको म्हटलं होतं, मधुमेह आहे म्हणून, आणि जयवंतीबाईंनी आग्रहाने भरवला होता. अर्ज परत दिला तर तो चार दिवस जिन्याखाली लागणार, येता-जाता मुलंसुद्धा वाचणार. घर गेलं तर ते एकदाच जाईल, पुढे कधीतरी, बहुधा आपल्यामागे. पण हा जिना रोज चढायचा होता.

तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांचा निर्णय झाला होता. फक्त कारण ठरायचं होतं.

सुमेध दारातच उभा होता. त्यांनी पाणी मागितलं, पाणी प्यायल्या, जयवंतरावांच्या फोटोकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी जाताना माझ्याकडून वचन घेतलं होतं. हे घर कधी गहाण टाकायचं नाही. मी विसरले होते. आत्ता जिन्यात आठवलं."

सुमेधने आईकडे बघितलं. मग फोटोकडे. त्याचा चेहरा असा झाला की जयवंतीबाईंना वाटलं, आपण खाली जाऊन अर्ज परत देऊन यावा. पण गुडघे दुखत होते.

तो तीन आठवडे आईशी बोलला नाही. एका बेडरूमच्या घरात हे अवघड असतं. मीठ हवं असलं तर पिंकीला सांगायचा.

ही हकिकत प्रिस्काला कळली तेव्हा ती अंडी घेऊन आली होती. वचनाचं ऐकून तिने पिशवी खाली ठेवली.

"जयवंत भावजींनी? घर गहाण टाकू नको म्हणाले?"

"हो."

"अर्ध्या ऑफिसला जामीन राहिलेला माणूस. आमच्या शेजारच्या फर्डिनंडला टेम्पो घ्यायचा होता, तर ओळख ना पाळख, रस्त्यात सही करून दिली. ते असते तर सुमेधच्या आधी त्यांनीच सही केली असती, गे बाय. पेनही त्याचंच वापरलं असतं."

"अंडी किती आणलीस?" जयवंतीबाई म्हणाल्या.

प्रिस्काने अंडी मोजून दिली. बराच वेळ हसत मात्र होती.

तारण मिळत नाही म्हटल्यावर सुमेधपुढे विकण्याखेरीज काही उरलं नाही. भाषणांतले गृहस्थ विकायचं नाही असं बजावून सांगत, पण त्यांचे हप्ते कोण भरत होतं ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आधी कळंब गेलं, घेतल्याहून कमी किमतीत. त्या पैशात विरारच्या जोडप्याचं डिपॉझिट परत दिलं, आणि कपाटाचा एक खण रिकामा करून सुरुची स्वतःच्या घरी गेली. जाताना तिने सासूच्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, "बाबांचे फार उपकार झाले." जयवंतीबाईंनी फोटोला नमस्कार केला.

मग तुळिंज. ज्या घरात भाडेकरू बसलाय आणि उठत नाही, ते घर त्या भाडेकरूशिवाय कोण घेणार? अल्पेशने घेतलं. डिपॉझिट किमतीतून वळतं केलं, उरलेल्यासाठी कर्ज काढलं, त्यातून सुमेधचं बँकेचं कर्ज बंद झालं. हातात आलं ते वैयक्तिक कर्जाला पुरलं नाही, बाकीचं सुमेधने बोनसमधून दोन वर्षं फेडलं. व्यवहाराच्या दिवशी त्याने प्रथमच अल्पेशला अल्पेशभाई म्हटलं.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले.

अल्पेशने तुळिंजच्या बाजारात दुसरं दुकानही घेतलं. घराची नोंदणी झाली तेव्हा त्याने सुमेधकडे पेढे पाठवले, आणि सोबत निरोप की कधी चावी लागली तर सांगा, शेठ.

कळंबची कॉटेज शेवटी क्लेटनने घेतली, मावशीकडून थोडे पैसे उसने घेऊन. त्याने 'सी व्ह्यू'ची पाटी काढली आणि पाहुण्यांना तळलेले बोंबील खायला घालतो. शनिवार-रविवारी जागा मिळत नाही, असं प्रिस्का सांगते. ती कोंबड्या वाढवून आता अंडीही तिथेच पाठवते.

सुरुचीने बँकेची सगळी खाती आपल्या मोबाइलवर घेतली. सुमेधला हातखर्चाला पैसे मिळतात आणि तो त्यात भागवतो.

सुमेध स्वतः आता शनिवारी भाषणं देतो, सोसायट्यांमधून आणि मोबाइलवरही. विषय असतो, कर्जाचं व्यवस्थापन. लोक पैसे भरून येतात. राहत्या घराला हात लावू नका, दुसऱ्याची ठेव म्हणजे आपलं भांडवल नव्हे, व्याज वाढलं तर काय होईल ते आधी मांडून बघा, असं सगळं तो नीट सांगतो. शेवटी आवाज जरा खाली आणून वडिलांनी मृत्युशय्येवर आईकडून घेतलेल्या वचनाची गोष्ट सांगतो. तेव्हा पुष्कळांचे डोळे पाणावतात. जयवंतीबाई पहिल्या रांगेत असल्या की त्यांचेही पाणावतात. अलीकडे तर त्यांना ते सगळं लख्ख आठवायला लागलं आहे, हॉस्पिटलची खाट, खिडकीतलं ऊन, जयवंतरावांचा हात.

शुभांगणच्या महिला मंडळाने त्यांना शाल आणि नारळ देऊन त्यांच्या दूरदृष्टीचा सत्कार केला. त्यांनी चार शब्द बोलावे असा आग्रह झाला, पण त्या काही बोलल्या नाहीत, याचंही कौतुक झालं.

आणि जयराम. त्यांचं कर्ज यंदा फिटलं. धाकटीच्या लग्नाचं, मोठीच्या बाळंतपणाचं, सगळं मिळून. ते पेढे घेऊन चारही मजले फिरले, थांबत थांबत, कारण आता त्यांचेही गुडघे दुखतात. कुणाला काही विचारलं नाही, नुसता पुडा पुढे करत गेले. तिसऱ्या मजल्यावर जयवंतीबाईंनी दार उघडलं, तोंड भरून अभिनंदन केलं आणि पेढा उचलला.

मधल्या काळात त्या अर्जाबद्दल इमारतीत कुणी चकार शब्द काढला नव्हता. बोर्डावर नाही, ग्रुपवर नाही, जिन्यात नाही. बाईंना त्याचं सुरुवातीला नवल वाटे, मग सवय झाली. ज्या माणसाच्या तोंडाच्या भीतीने त्यांनी तो अर्ज परत आणला, त्या माणसाने ते तोंड एकदाही उघडलं नव्हतं.

"बाई," जयराम आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "तुम्ही तारीख दुरुस्त करून आणणार होतात. मी अजून वाट बघतोय हो."

जयवंतीबाईंनी अख्खा पेढा तोंडात घातला, म्हणजे उत्तर द्यायला नको.